न उडालेली गोळी

खट्.

एवढाच आवाज. गोळी उडाली नाही.

पिस्तूल समोरच धरून मी डावा हात वर केला. डोंगरदिवे काकांनी दोन वर्षं हे घोकून घेतलं होतं. गोळी उडाली नाही तर उघडायचं नाही, वाकून बघायचंसुद्धा नाही, नुसता हात वर. आपणच उघडलं तर तक्रारीचा हक्क गेला.

नाशिकमधली डिसेंबरची सकाळ. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. तोंडातून वाफा निघत होत्या. ज्युरीतले मिराशी सर आले, माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, गोळी बाहेर काढली आणि चष्मा कपाळावर चढवून तिची कड बघितली. बावीस बोअरच्या गोळीला मधोमध टोपी नसते. तिचा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो आणि पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटते. आपटल्याची खूण असली तर दोष शूटरचा धरत नाहीत.

"खूण आहे. फिकी आहे, पण आहे," ते म्हणाले. "मान्य. पण एका फेरीत एकदाच मान्य करतो आम्ही. यापुढे नाही उडाली तर तुझं तू बघ."

यापुढे आणखी दोन उडाल्या नाहीत.

ती संथ फेरी होती, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. त्यामुळे खराब गोळी हातानं बाहेर काढून दुसरी झाडता तरी आली. पण एकदा खट् झालं की पुढची प्रत्येक गोळी भीतीनं सुटते. ट्रिगर दाबायच्या आधीच मनगट आखडतं. तीस गोळ्यांत दोनशे अडुसष्ट. मी सातवी.

उरलेल्या तीस गोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी होत्या. ती जलद फेरी. टार्गेट तीन सेकंद तोंड दाखवतं, सात सेकंद पाठ. त्या तीन सेकंदांत हात उचलायचा आणि एक गोळी झाडायची. तिथं दुसऱ्यांदा खट् झालं तर शून्य.

रेंजवरून बाहेर आले तेव्हा दोरीपलीकडे काका उभे होते. शेषराव डोंगरदिवे. पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात पस्तीस वर्षं बंदुका पुसून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. अकोल्याच्या आमच्या क्लबात ते प्रशिक्षक होते, म्हणजे कुलूप उघडण्यापासून टार्गेट चिकटवण्यापर्यंत सगळं होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तीनच्या तीन दे इकडं. फेकल्या त नाई नं?"

पहिली ज्युरीनं ठेवून घेतली होती. दोन मी खिशातून काढून दिल्या. त्यांनी त्या गोळ्या तळहातावर घेऊन आंधळ्यासारखं बोटांनी चाचपल्या.

एवढ्यात विश्वासराव सरप आले. क्लबचे अध्यक्ष. दोन पेट्रोलपंप, कापसाचं एक जिनिंग, आणि क्लबातलं एकुलतं एक बावीसचं पिस्तूल त्यांच्या मर्जीवर.

"काय मग, नलिनीबाई?" सरप म्हणाले. "सातवा नंबर बघायला मी एवढं पेट्रोल जाळलं का?"

"साहेब, गोळीची गडबड हाय," काका म्हणाले.

"डोंगरदिवे, तुमच्याकडं कायम कशाची ना कशाची गडबड असते. हिला पदक मिळालं तर ठीक. नाही तर जानेवारीपासून पिस्तूल केतकीकडं. मी तिच्या बापाला शब्द दिलाय."

केतकी म्हणजे त्यांची पुतणी. तिला गोळी झाडताना दोन्ही डोळे मिटायची सवय होती, पण आडनाव चांगलं होतं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आई डाळमिलमध्ये उभं राहून डाळ निवडायची. तिच्या डोळ्यांत आणि फुफ्फुसांत तुरीचं पीठ बसलं होतं. राज्य स्पर्धेत एक पदक मिळालं की खेळाडूंच्या जागेतून पोलिसात अर्ज करता येत होता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. उंची नव्हती, ओळख नव्हती, मार्क पन्नास टक्के होते. हात स्थिर होता. बस्स.

दुपारी दोन वाजता सरावाची वेळ मिळाली. ऊन चांगलं तापलं होतं. काकांनी त्या दोन न उडालेल्या गोळ्या पुन्हा भरल्या, पण फिरवून, म्हणजे पिन कडेवर वेगळ्या ठिकाणी पडेल अशा.

"मार."

धडाम. दुसरी. धडाम.

"पाह्यलं?" काकांचे डोळे चमकले. "गोळीच खोटी. एका अंगाले मसाला हाय, एका अंगाले नाई. तिथं पिन पडली का खट्. लॉटच खराब आला बाप्पा."

"पिस्तूल तर बरं आहे ना काका?"

"आता तुह्यासमोर त उडाल्या दोनी." मग थांबून त्यांनी विचारलं, "अन् खंडेनवमीले पिन धुतली होती नं बराबर?"

"हो काका."

"मंग गोळीच."

त्यांनी नळी पुन्हा पुसली. रॉडला चिंधी बांधून चार वेळा आतून फिरवली, उजेडाकडं धरून बघितली. शिसं नाही, मेण नाही, आरशासारखी. संध्याकाळी पाचला सगळ्यांसारखं आमचं पिस्तूल रेंजच्या दगडी शस्त्रागारात जमा झालं. रात्री कुणाचंही शस्त्र बाहेर ठेवत नाहीत.

गोळीच खोटी, तर गोळी बदलायची. पण बावीसच्या गोळ्या म्हणजे किराणा नाही. लायसनवर, कोट्यावर, मोजून मिळतात. आमच्याकडं होता तो सगळा एकाच लॉटचा माल. मी मुलींच्या मुक्कामाच्या हॉलमध्ये गेले. तिथं कोल्हापूरची शर्वरी मगदूम नखांना रंग लावत बसली होती. पहिल्या फेरीत ती पहिली होती.

"शर्वरी, तुझ्याकडं जास्तीच्या गोळ्या आहेत का? पन्नास. क्लबातून परत करीन."

"सातवी आलीयास म्हणून गोळ्या मागतीयास?" ती मान वर न करता म्हणाली. "गोळ्या बदलून नंबर बदलत्यात होय?"

"माझ्या उडत नाहीत."

"मग तुझ्या कोचला उडव की."

दोघी-तिघी हसल्या. मी तशीच उभी राहिले. मला लाज वाटत नव्हती असं नाही. लाजेपेक्षा भीती मोठी होती. मी म्हणाले, "शर्वरी, मी पाया पडते तुझ्या."

आता तिनं वर बघितलं. ब्रश बाटलीत ठेवला.

"ये, पाया काय पडतीयास! मी काय देव हाय व्हय?" पेटी ओढून तिनं पन्नासाचा एक डबा काढला. "घे. चांगला लॉट हाय ह्यो, माझी एक बी अडकली नाही. आणि आता हिथनं जा, नख पुसलं माझं."

बाहेर काका फाटकापाशी वाट बघत होते. रस्त्याच्या दिव्याखाली त्यांनी पन्नासच्या पन्नास गोळ्या घड्याळाच्या काचेवर एकेक करून लोळवल्या. एक वाकडी निघाली. ती बाजूला काढली.

"आता झोप," ते म्हणाले. "उद्या एक बी खट् होनार नाई. मी सांगतो."

सकाळी शस्त्रागारातून पिस्तूल घेतलं तेव्हा ते बर्फासारखं लागत होतं. आठ वाजता सरावाच्या पाच गोळ्या. तिसरी खट्.

शर्वरीच्या चांगल्या लॉटची गोळी.

सरावाच्या गोळीला हात वर करून उपयोग नसतो, ती धरत नाहीत. मी मागं वळून काकांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. आज ते "गोळीच खोटी" म्हणू शकत नव्हते.

पहिली मालिका. टार्गेट फिरलं. दहा. पाठ. फिरलं. खट्.

मी हात वर केला.

मिराशी सरांनी गोळी बघितली. "खूण आहे, पण नख लागल्यासारखी. पिनला जोरच नाही तुझ्या. गोळीचा नाही हा दोष, पिस्तुलाचा आहे." त्यांनी घड्याळ बघितलं. "मान्य करतो. या फेरीतलं हे शेवटचं. दुरुस्तीला पंधरा मिनिटं. कोचला बोलाव."

मागच्या टेबलावर काकांनी वर्तमानपत्र पसरलं आणि बोल्ट, म्हणजे पिन धरणारा सरकता तुकडा, बाहेर काढला. मग छोटी खीळ दाबून आतली पिन आणि स्प्रिंग. पिन सहज येईना. ओढून काढावी लागली.

तिच्यावर पांढरा लेप होता. साजूक तुपासारखा, घट्ट, आणि त्यात मधेमधे पिवळे-लाल कण.

"हे काय?" मिराशी सर वाकले. "ग्रीस?"

काकांनी बोटाला लावून वास घेतला. त्यांनी काही म्हणायच्या आधी मला कळलं होतं. वास माझ्यापर्यंत आला होता.

खोबरेल तेल.

अकोल्यात दर खंडेनवमीला क्लबात शस्त्रपूजा व्हायची. सरप सोवळं नेसून यायचे. पूजा आत, काका आणि मी बाहेर व्हरांड्यात. नावं डोंगरदिवे आणि खंडारे, मग आत कोण घेणार? हळद, कुंकू, अक्षता, आणि शेवटी चांदीच्या वाटीतून पिस्तुलाच्या पोटात तेलाची धार. शस्त्राला तेल पाजायचं असतं म्हणे. पूजा त्यांची, दुसऱ्या दिवशी पुसायचं आम्ही. काका दरवर्षी सगळं उघडून, पिन काढून पेट्रोलनं धुवायचे.

त्या वर्षी काकूंचं ऑपरेशन होतं. काका त्याच दुपारी हैदराबादच्या गाडीत बसले. जाताना मला म्हणाले, "नलू, उद्या उघडजो. पिन बाहेर काढजो, पेट्रोलनं धुजो. वरवर नोको पुसू."

मी उघडलं नाही. एकदा माझ्या हातून ती स्प्रिंग उडाली होती, आणि दोन तास खडीत शोधली तेव्हा सापडली होती. या वेळी हरवली असती तर पिस्तूल बंद, आणि सरपांना निमित्त. म्हणून मी वरून पुसलं, नळीतून चिंधी फिरवली, कुंकू झाडलं. संध्याकाळी काकांचा दवाखान्यातून फोन आला.

"धुतली?"

"धुतली काका. चकाचक."

तिथं त्यांची बायको टेबलावर होती आणि त्यांनी पिनची चौकशी केली. त्यांना मी हे सांगितलं.

पुढं दोन-अडीच महिने मी रोज सराव केला. दुपारी दोन ते चार. सकाळची रेंज सरपांच्या पाहुण्यांची असायची. अकोल्याच्या दुपारी खोबरेल पाण्यासारखं पातळ असतं. पिन धावायची. काल दोन वाजता नाशिकच्या उन्हातही धावली. सकाळी थिजलं की पिन तुपातून चालल्यासारखी.

काकांनी पिनवरून नजर उचलून माझ्याकडं बघितलं.

"पेट्रोल आहे का कोणाकडं?" ते एकदम ओरडले. "स्पिरिट? काई बी?"

मागून शर्वरीचा आवाज आला. "ह्ये चालतंय का?" तिच्या हातात नखांचा रंग काढायची बाटली होती. "नाही म्हणजे, कालपासनं तुमचं ह्येच चाललंय. उडवा एकदाचं."

काकांनी बाटली उपडी केली. पिन, स्प्रिंग, पिनची खोबणी, सगळं धुतलं. खिशातल्या रुमालाच्या चिंध्या फाडल्या. मी बाजूला उभी राहून चिंध्या देत होते.

"काहून नाई सांगतलं?" मान खाली ठेवूनच ते हळू बोलले.

"भीती वाटली. स्प्रिंग उडेल म्हणून."

"मले सांगाचं असतं नं. मी फोनवर होतो."

"काका, मी..."

"आता तोंड बंद ठेव. तू बोल्ली का पिस्तूल गेलं. चिंधी दे."

सरप तोवर पोचले होते. मिराशी सर त्यांना हसत म्हणाले, "काय हो अध्यक्ष, अकोल्यात पिस्तुलाला खोबरेल लावतात? वेणी पण घालता का?"

आसपासचे सगळे हसले. सरपांचे कान लाल झाले. वर्तमानपत्रावरचा पांढरा गोळा आणि त्यातलं कुंकू त्यांनी बघितलं. ती चांदीची वाटी कुणाच्या हातात होती हे तिथं तिघांना माहीत होतं.

"कोणाची चूक ही?" सरप म्हणाले. "मला नाव पाहिजे."

मी तोंड उघडलं असेल. नक्की आठवत नाही. उघडलं असेल असं मला वाटतं, इतकंच.

"माही," काका म्हणाले. पिन खोबणीत सरकवत होते, हात जरा हलला नाही. "मी धुतलीच नाई. बायकोच्या गडबडीत राह्यलं. पोरीले काई मालूम नाई साहेब."

"पस्तीस वर्षं शस्त्रागारात काय केलंत? झाडू मारला?"

"मारला नं. तो बी मारला."

"लाज काढली माझी चार लोकांत. अकोल्याला पोचल्यावर चाव्या आणून द्या."

"देतो," काका म्हणाले. त्यांनी बोल्ट चढवला, रिकामा ट्रिगर दाबून आवाज ऐकला. टक्. कोरडा, कडक. "घे. झालं. अकरा मिनिटं. जाय."

मी गेले. एकही गोळी अडकली नाही. एवढंच सांगते. टार्गेट फिरत होतं आणि माझा हात वर जात होता, बाकी डोक्यात काही नव्हतं. मागं एका माणसाचं वाटोळं झालंय हे मला माहीत होतं आणि मी दहा मारत होते. तीस गोळ्यांत दोनशे त्र्याऐंशी. एकूण पाचशे एक्कावन्न. चौथीला पाचशे पन्नास.

ब्राँझ.

शर्वरीनं पाठीत धपाटा घातला. "बाई गं, माझ्या बाटलीचं अर्धं पदक दे!" मी रडत होते आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं.

नोकरी लागली मला. आई डाळमिलमधून बाहेर आली, पुढं अकरा वर्षं जगली. काकांना कुठल्याच क्लबानं पुन्हा घेतलं नाही, खोबरेलची गोष्ट सगळीकडं पसरली होती. ते एका गोडाऊनवर राखणदार राहिले आणि तिथंच वारले. मी भेटायला जायचे. ते काही बोलायचे नाहीत त्या दिवसाबद्दल, मीही नाही. तोंड बंद ठेव असं त्यांनीच सांगितलं होतं. मी बरीच वर्षं स्वतःला हेच ऐकवलं.

पण त्या दिवसातलं एक राहिलं सांगायचं.

पदकं द्यायच्या आधी एका टेबलावर फॉर्म भरून घेत होते. सर्टिफिकेटवर छापायचा मजकूर. नाव, जिल्हा, क्लब, प्रशिक्षक. मी वाकून लिहीत होते. नलिनी खंडारे. अकोला. क्लबचं नाव. चौथ्या ओळीवर थांबले.

सरप मागं उभे होते. "प्रशिक्षक विश्वासराव सरप. लिही."

"साहेब, शिकवलं तर काकांनी..."

"ते सकाळपासून क्लबात नाहीत. आणि नोकरीच्या अर्जावर क्लबचा शिक्का लागतो. तो कोणाकडं असतो?"

काका तिथंच होते, चार पावलांवर. माझी बॅग त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी सगळं ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. कागदाला पेन टेकवलं, तर ते उमटेना. थंडीनं शाई धरत नव्हती. मी दोनदा गिरवलं, झटकलं, पुन्हा गिरवलं. मनात म्हणत होते, नको उमटू. तासभर नको उमटू.

काका पुढं आले. शर्टाच्या खिशातलं आपलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

मी घेतलं. विश्वासराव सरप. पूर्ण नाव, एकाही अक्षराची खाडाखोड न करता.

पेन परत घेताना त्यांनी फॉर्मकडं बघितलं. टोपण लावलं.

"अक्षर चांगलं हाय तुहं," ते म्हणाले.